आमटी खारट म्हणणारी पोरगी

आबा, तुमच्यासारखं बोलणारी एक पोरगी मला फोनात सापडली आहे. तुम्ही गेलात तेव्हा गावात फोन एकच होता, तोही पोस्टात, आणि त्यात माणसं दिसत नव्हती. आता ज्याच्या त्याच्या हातात एक असतो आणि त्यात सगळं जग चालतं-बोलतं. ही पोरगी वऱ्हाडातली, तिशीच्या आतबाहेरची, केस कापलेली, पाठीवर पिशवी. गावोगाव हिंडते, तिथल्या चुलीपाशी मांडी घालून बसते, हे काय, ते कशाला म्हणून बायांना विचारून भंडावून सोडते, आणि मग पुढ्यात आलेलं खाऊन जे वाटलं ते तोंडावर सांगते. चांगलं तर चांगलं, बिघडलं तर बिघडलं. बाकीचे असले कार्यक्रमवाले घास तोंडात जायच्या आधीच डोळे मिटून माना डोलवतात. ही आधी चावते, गिळते, मग बोलते. पहिल्यांदा तिला बघितलं तेव्हा मी सुनेला म्हणाले, "अगं, हिला आमच्या आबांनी शिकवलंय का काय?"

मला कोरेगावातलं ते लग्न आठवलं. मी लहान, परकरातली, तुमच्या मांडीला मांडी लावून पंगतीत बसले आहे. तुम्ही नुकतेच फौजेतून पेन्शनीवर आलेले. सगळी नोकरी पलटणीच्या लंगरखान्यात गेलेली, त्यामुळे मिशी हवालदाराची आणि नाक आचाऱ्याचं. तुम्ही वांग्याच्या भाजीचा एक घास घेता, जरा थांबता आणि वाढप्याला म्हणता, "आचाऱ्याला बोलव." पलीकडच्या बायकांच्या पंगतीतून आई तुमच्याकडं डोळे वटारून बघते, पण तुमचं तिकडं लक्ष असेल तर ना. आचारी पंच्याला हात पुसत येतो. तुम्ही त्याला म्हणता, "गड्या, मसाला कच्चा ऱ्हायला. घाई केलीस. पर बुंदी अशी पाडलीस की फौजेतबी मी अशी खाल्ली न्हाई." आता ह्यावर रागवावं का पाया पडावं ते त्या बिचाऱ्याला कळेना. नवरीच्या बापाचं तोंड मात्र एवढंसं झालं. परतताना बैलगाडी कोसभर आली आणि आई एकदम फुटली, "लोकांच्या मांडवात जाऊन असं बोलत्यात व्हय? गिळायचं आणि गप उठायचं." तुम्ही शांतपणे विडी पेटवलीत. म्हणालात, "मी गप बसलो तर उद्या त्यो दुसऱ्याच्या लग्नात बी कच्चंच घालंल. त्येला कोण सांगणार?"

लंगरखान्यातून तुम्ही आणखी एक गोष्ट घरी आणली होती, ती म्हणजे मिठाची हाळी. तिथं म्हणे सगळ्या कंपनीची डाळ एकाच कढईत शिजायची आणि त्यात चौघांचे हात असायचे, म्हणून ज्यानं मीठ घातलं त्यानं मोठ्यानं ओरडायचं आणि बाकीच्यांनी ओ द्यायची. आईनं "मीठ पडलं!" म्हणून ओरडायचं आणि आम्ही भावंडं अंगणातून, गोठ्यातून, असू तिथून "पडलं!" म्हणून ओरडायचो. आळीतल्या बाया पदर तोंडाला लावून हसायच्या. पण देवीच्या जत्रेदिवशी त्याच बाया गुमान ऐकायच्या, कारण त्या दिवशी चव घ्यायची सोय नाही. नैवेद्य उष्टा करायचा नाही. देवीला दाखवल्याबिगर आमटीचा थेंब जिभेवर ठेवायचा नाही, मुद्दाम वाससुद्धा घ्यायचा नाही. मग मीठ पडलंय का राहिलंय हे कळणार कसं? आपल्या घरी ते ओरडण्यावरून कळायचं. लग्न होऊन मी सांगलीकडं आले ती ही हाळी पदरात बांधूनच. पहिल्या जत्रेला मी ओरडले तेव्हा सासूबाईंच्या हातातलं उलथनं पडलं. "काय गं, साप निघाला का?" म्हणाल्या. पुढं पुढं त्याच सगळ्यांत मोठ्यानं ओरडायच्या. माझी धाकटी जाऊ आली, तिनंही उचललं. आणि आता माझी सून.

सुनेला तुम्ही बघितलेलं नाही. मेढ्याकडची आहे, डोंगरातली, पायानं चपळ आणि बोलायला कमी. आमच्या गावातल्या बायकांना वाटतं, तिकडं नाचणी आणि वरी, त्यांना पुरणपोळी आणि येळवणी काय ठाऊक. येळवणी म्हणजे आपली तीच, पुरणाची डाळ शिजवून निथळलेल्या पाण्याची आमटी. ह्या चैत्रात जत्रेच्या नैवेद्याची आमटी पहिल्यांदा तिच्या हातात दिली. माझे गुडघे आता चुलीपुढं फार वेळ बसू देत नाहीत. शेजारच्या काकूंनी विचारलंच, "व्हय ओ, डोंगरातल्या पोरीच्या हातचं देवीला चालंल न्हवं?" मी म्हटलं, "देवी बी डोंगरावरच बसल्याली हाय." पाट्यावर वाटण वाटताना सुनेचा हात जरा जास्तच जोरात चालला.

त्या फोनातल्या पोरीला बोलावलंही सुनेनंच. तिचा कार्यक्रम ती कधी चुकवत नाही. त्या कार्यक्रमाखाली बघणाऱ्यांना आपलं मत लिहायला जागा असते, तिथं हिनं लिहिलं की ताई, आमच्या जत्रेला या, येळवणीची आमटी खायला घालते. आणि ती खरंच आली की! सोबत कॅमेरावाला, आणि काठीला केसाळ मांजर बांधल्यासारखं काहीतरी हातात धरलेला एक लंबू. ते म्हणे आवाज पकडायचं. पोरीनं चपला बाहेर काढल्या, मला वाकून नमस्कार केला, चुलीपुढं बसली आणि सुनेला म्हणाली, "ताई, तुम्ही तुमचं करत राहा, मी नुसती बघते." पण लंबू म्हणाला, "मावशी, थोडा वेळ कुणीच बोलू नका. फोडणीचा चुरचुर आवाज पाहिजे, नुसता तेवढाच." झालं. एरवी आमच्या जत्रेच्या चुलीपुढं कावळ्यांची शाळा भरलेली असते, तिथं एकदम सगळं चिडीचूप. खोबरं दे, पळी कुठाय, सगळं खुणेवर. धाकटी जाऊ हसू दाबता दाबता लाल झाली. मीही माझी कामं मुक्यानं उरकली आणि आपण चित्रात कशा दिसतोय त्या विचारात पदर सावरत राहिले.

देवीला नैवेद्य गेला आणि मग पहिलं ताट त्या पोरीला वाढलं. सगळी आळी दारात, कुणी खिडकीत, कुणी भिंतीवर. तिनं पोळीचा तुकडा मोडला, खाल्ला, आणि म्हणाली, "ही पोळी मी घरी नेऊन लपवून ठेवीन, आईलासुद्धा देणार नाही." सगळे हसले. मग वाटी तोंडाला लावली. एक घोट घेतला, थांबली. तुम्ही थांबायचा तशीच, आबा. म्हणाली, "खरं सांगू, ताई? आमटी खारट झालीय. चांगलीच खारट. मसाला फार सुरेख आहे, पण मिठानं त्याला बोलूच दिलेलं नाही." सून वाटीकडं बघत उभी राहिली. तिच्या कानाच्या पाळ्यासुद्धा लाल झाल्या होत्या.

आणि आमच्या पै-पाहुण्यांनी काय करावं? मागाहून पंगती बसल्या, सगळ्यांनी तीच आमटी भुरकली आणि एकजात सगळे म्हणाले, "झकास! आक्का, यंदा आमटी लय भारी." पाण्याची पिंपं मात्र दुपारच्या आतच रिकामी झाली. माणसं जेवून उठायची ती आधी पिंपाकडं पळायची, पण एकाच्याही तोंडून खारट हा शब्द बाहेर पडला नाही. आणि वर, घरी जाताना सुनेला ऐकू जाईल अशा बेतानं काकू म्हणाल्याच, "चालायचंच, शिकंल हळूहळू." संध्याकाळी भांडी घासताना सून मला म्हणाली, "आत्या, पुढच्या वर्सी जत्रंला मी मेढ्याला जाणार. चूल तुमी बघा न्हाईतर धाकट्या आत्यास्नी सांगा." मी म्हटलं, "अगं, एका मिठावरनं?" तर म्हणाली, "मिठावरनं न्हाई. मी तिला बोलावलं आणि तिच्या म्होरं आपल्या घराचं नाव घालवलं." ती रडली असती तर मी समजूत काढली असती. ती नुसती पातेलं घासत राहिली, घासून स्वच्छ झालेलं पुन्हा घासत राहिली. तेव्हा मला कळलं की ही सहज बोललेली नाही.

पुढं तो भाग फोनावर आला आणि खाली लोकांच्या मतांचा नुसता पाऊस. मुलगा म्हणाला, "आई, ते वाचू नगंस, बीपी वाढंल." पण तुम्हाला माझी खोड ठाऊक आहे. चौथीत शाळा सुटली तरी वाण्याची पुडी सोडली की कागद वाचल्याशिवाय टाकायचा नाही, ती मी. चष्मा लावून बसले आणि बोटानं वर सारत सारत सगळं वाचलं. एकानं लिहिलं होतं, देवीच्या प्रसादाला नावं ठेवणाऱ्या बाईला जिल्ह्यात पाय ठेवू देऊ नका. दुसरा म्हणाला, ताई, तुम्हीच एक खरं बोलता, म्हणून तर आम्ही बघतो. तिसरा, हिचं तोंड असं आहे, सासरी कसं व्हायचं? चौथ्यानं त्याला विचारलं, तुझं लग्न ठरलंय का आधी ते सांग. कुणी लिहिलं, वऱ्हाडी माणसाला आमची येळवणी काय कळणार. त्याच्याखाली दुसऱ्यानं, मी तुमच्याच तालुक्यातला आहे आणि जत्रेत जेवलोय, रात्रीपर्यंत पाणी पीत होतो, बोललो नाही एवढंच. एका बाईला फक्त त्या पोरीच्या कानातल्याचं दुकान पाहिजे होतं. पार सीमेवरून एका जवानानं लिहिलं होतं, खारट तर खारट, इकडं पाठवा, आम्ही भाताबरोबर संपवू. ते वाचून मला तुमच्या पलटणीची आठवण आली आणि डोळे पुसायला चष्मा काढावा लागला. पोळीबद्दल ती किती चांगलं बोलली होती, ते मात्र फार थोड्यांच्या ध्यानात राहिलं होतं.

एकानं लिहिलं, बाईमाणसानं असं फटकळ बोलू नये. ते वाचून मला राहवेना. एका बोटानं अक्षरं शोधत शोधत मी लिहिलं, "आमचे वडील असंच बोलायचे. त्यांना कुणी बाईमाणूस म्हटलं नाही." आबा, त्याच्याखाली लोकांनी आवडलं म्हणून एवढे लाल बदाम टाकले, एवढे बदाम, की मुलगा कामावरून फोन करून म्हणाला, "आई, तू काय लिहिलंस? आमच्या कंपनीतली माणसं वाचत्यात." मला चेव चढला. मग मी रोजच बसायला लागले. कुणी तिला उद्धट म्हटलं की मी हजर. एका मास्तराशी तर माझी चांगलीच जुंपली. तो म्हणाला, पाहुण्यानं पाहुण्यासारखं राहावं. मी लिहिलं, पाहुणी खोटं बोलली असती तर तुम्हाला कळलं असतं का? तो गप्प झाला, का झोपला, कुणास ठाऊक. पण हे सगळं चालू असताना सून घरात मुक्यासारखी वावरत होती. तिनं त्या पोरीचा कार्यक्रम बघायचंच सोडलं. मी तिच्या बाजूची का त्या पोरीच्या, हे तिला कळत नव्हतं, आणि खरं म्हणजे मलाही धड सांगता आलं नसतं.

मग एक दिवस कुणा चौकस माणसाचं मत आलं. त्यानं लिहिलं होतं, "फोडणीचा भाग जरा मागं घेऊन बघा. हिरव्या साडीतल्या ताईंनी मीठ टाकलं. मग जांभळ्या साडीतल्या ताई आल्या, इकडंतिकडं बघितलं, मीठ टाकलं. मग थोरल्या मावशी आल्या आणि मूठ भरून टाकलं. तिघींनी टाकलंय हो!" हिरवी साडी सुनेची. जांभळी धाकटीची. थोरल्या मावशी म्हणजे मी. मी मागं घेऊन बघितलं. अगदी स्पष्ट! एकेक जण येते आहे, अगदी शहाण्यासारखी, तोंडावर भक्तिभाव, आणि मीठ टाकून जाते आहे. कानावर हाळी आली नाही म्हणजे मीठ पडलेलं नाही, इतका आमचा साधा हिशेब. आणि हाळी कशी येणार, सगळ्यांना गप्प बसवलेलं! तुम्ही शिकवलेलं इतकं अंगात मुरलं की मीठ घातलेलं डोळ्यांनी बघायची कुणाला गरजच वाटली नाही, आबा.

मी तशीच फोन घेऊन सुनेकडं गेले. ती अंगणात कपडे वाळत घालत होती. म्हटलं, "हे बघ आणि मग मेढ्याला जायचं तर जा." तिनं बघितलं. पुन्हा बघितलं. मग माझी मूठ दिसते तिथं चित्र थांबवलं आणि म्हणाली, "आत्या, ही मूठ हाय का फावडं?" आणि जी हसायला लागली, ती चिमटे सांडून खाली बसली. धाकटीला हाक मारली. ती आली, तिनं बघितलं, ती कपाळाला हात लावून म्हणाली, "आवं आक्का, मी तर तुमास्नी इचारणारच हुते, पर त्यो मांजरवाला बघत हुता ना!" तिघी ओल्या कपड्यांच्या खाली बसून हसत होतो. काकू भिंतीवरून डोकावल्या, "काय झालं गं?" सून म्हणाली, "काय न्हाई काकू, मीठ पडलं." इतक्या दिवसांनी तिचा आवाज असा मोकळा ऐकला.

मग सुनेनंच त्या जागी सगळं लिहिलं. आमच्या घरात मीठ घातलं की ओरडायची रीत आहे, ती आमच्या आत्यांच्या वडिलांनी फौजेतून आणली, आणि तुमच्या माणसानं आम्हाला गप्प बसवलं. आबा, तुमचं नाव नाही घातलं, नुसतं वडील म्हटलं. त्यावर त्या पोरीनं स्वतः फोनात येऊन उत्तर दिलं. पोट धरधरून हसत होती. म्हणाली, "निम्मी चूक आमची. पुढच्या जत्रेला पुन्हा येते, आणि ह्या खेपेला कुणी गप्प बसायचं नाही. पण ताई, एक सांगू? आमटी खारटच होती." आपला शब्द काही तिनं मागं घेतला नाही, आणि मला ते फार आवडलं. सुनेलाही आवडलं असावं, कारण ती म्हणाली, "येऊ दे तिला. मीच करणार आमटी." आता खाली लोक त्या आमटीची कृती मागतात आणि तिघींनी किती किती मीठ घातलं ते विचारतात. लंबूनंही लिहिलंय, मावशी, माफ करा.

इथं हे संपलं असतं तर मी तुम्हाला एवढं लिहायला बसले नसते. परवा मी हुलग्याची आमटी केली. माझ्या हाताची, तुम्हाला आवडायची ती. मुलगा डबा घेऊन सांगलीला कामावर गेलेला, घरी आम्ही दोघीच. मी सवयीनं विचारलं, "कशी झालीय गं?" गेली कित्येक वर्षं ह्या प्रश्नाला एकच उत्तर मिळत आलंय, चांगली झालीय. सुनेनं घास गिळला, जरा थांबली, आणि म्हणाली, "आत्या, खारट हाय. रागावू नका, पर बरेच दिवस तुमच्या हातनं मीठ जास्त पडतंय. तुमाला आता लागत नसंल तेवढं. मी मागनं पाणी घालून सारखं करती, तुमाला कळू देत न्हाई." मी म्हटलं, "मग आजच का बोललीस?" तर म्हणाली, "आता आपल्या घरात बोलायचं ठरलंय न्हवं?"

तिचं काही चुकलं नाही. म्हातारपणी डोळे जातात, कान जातात, तशी जीभही जात असणार, आणि ते मला दुसऱ्या कुणी सांगितलं नसतं. पाव्हणेरावळे मी असेपर्यंत झकास झकास म्हणून पाणी पीत राहिले असते. दुसऱ्या दिवसापासून मी मिठाचा डबा तिच्या बाजूला सरकवला आहे. मी सगळं करते, मीठ ती घालते आणि ओरडते. पण आबा, हे शहाणपण दुसऱ्या दिवशीचं. त्या दिवशी मात्र मी ताटावरून उठले, ओसरीवर जाऊन भिंतीकडं तोंड करून बसले, आणि तिनं दोनदा हाक मारली तरी ओ दिली नाही. त्या परक्या पोरीच्या खरेपणासाठी मी मास्तरांशी भांडले, बदाम घेतले, आणि घरातली पोरगी एकदा खरं बोलली तर मला ती तिन्हीसांजेपर्यंत डोळ्यांपुढं नको झाली.

मग भूक लागली. आत गेले तर तिनं मेथीची भाजी केली होती आणि माझ्यासाठी झाकून ठेवली होती. तुम्हाला हे पोचायचं नाही आणि तिला हे मी दाखवायची नाही, म्हणून इथंच लिहिते. भाजी लय चांगली झाली होती. तिनं विचारलं, "कशी झालीय?" आणि मी म्हणाले, "बरी आहे."